किती संडास, किती न्हाणीघरं?

आजऱ्यात नवं घर बांधायला काढलं की जोत्याच्या उंचीवरून वाद होत नाही. देवघराच्या दिशेवरूनही फारसा होत नाही, ती आधीच ठरलेली असते. घोडं अडतं ते इंजिनिअरच्या एका प्रश्नावर : "अटॅच किती काढायचे?" मुंबईला असलेला थोरला फोनवरून सांगतो, प्रत्येक बेडरूमला एक पाहिजेच. आई म्हणते, देवाच्या भिंतीला लागून नको. वडिलांचं म्हणणं, परड्यातला आहे त्याला काय धाड भरलीय? गवंडी गप्प असतो. त्याला जितके जास्त तितकं काम जास्त. शेवटी नकाशावर तीन बेडरूमना तीन आणि जिन्याखाली एक असे चार संडास उमटतात. घरात बारा महिने राहणारी माणसंही चारच.

या प्रश्नाचं नवल असं की दोन पिढ्यांपूर्वी तो कुणाला पडतच नव्हता. हिरण्यकेशीच्या काठच्या गावांत माणसं ओढ्याला, माळाला, रानाच्या बांधाला जात. बायकांना उजाडायच्या आत नाहीतर दिवेलागणीनंतर जावं लागे आणि मधला सगळा दिवस कळ सोसत काढावा लागे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ५३.१ टक्के घरांच्या आवारात संडास होता, १२.९ टक्के घरं सार्वजनिक संडासावर होती आणि उरलेली ३४ टक्के उघड्यावर. त्याआधी २०००-०१ पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान गावोगाव पोचलं होतं. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्यांना गाठणारी 'गुड मॉर्निंग पथकं' आली. ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर घरी शौचालय आहे आणि ते वापरतो असा दाखला जोडावा लागू लागला. २०१४ च्या स्वच्छ भारत अभियानात पात्र कुटुंबाला संडासासाठी १२ हजार रुपये मिळू लागले. म्हणजे शून्यावरून एकावर यायला सरकार, पथकं, पुरस्कार आणि दंड एवढं सगळं लागलं. पुढं एकावरून चारावर जायला मात्र फक्त पैसा लागला. मधल्या मधे 'आपल्याला नेमके लागतात किती' हा हिशेब करायचाच राहून गेला.

हा हिशेब बेडरूम मोजून होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तो सकाळच्या दोन तासांवरून करायचा असतो.

सहा माणसांचं घर घ्या : आजी-आजोबा, नवरा-बायको, दोन शिकणारी मुलं. सगळ्यांना सहा ते आठच्या दरम्यान आवरायचंय. हातात वेळ १२० मिनिटं. संडासाला दरडोई १० मिनिटं धरली तर एक तास होतो. आंघोळीला १५ मिनिटं धरली, पाणी विसणायचा वेळ आणि दात घासणं, दाढी त्यातच, तर दीड तास. आता ही दोन्ही कामं एकाच खोलीत असतील, म्हणजे ज्याला आपण 'कंबाइन्ड' म्हणतो ते एकच असेल, तर बेरीज १५० मिनिटांची. १२० मिनिटांत १५० मिनिटांचं काम बसत नाही. त्या घरात रोज भांडण होणार, आणि त्याला कुणाचाही स्वभाव कारणीभूत नसेल.

त्याच जागेत एक भिंत घातली, संडास वेगळा आणि न्हाणी वेगळी केली, तर चित्र पालटतं. संडास १२० पैकी ६० मिनिटं अडलेला, न्हाणी ९० मिनिटं. बेसिन बाहेर पडवीत काढलं, दात-दाढी तिकडं गेली, की न्हाणीवरची आणखी पाच-पाच मिनिटं कमी होऊन तीही ६० वर येते. दोन्ही खोल्या निम्मा वेळ मोकळ्या. एक दार, चार फुटांची भिंत आणि एक बेसिन एवढ्या खर्चात, नवा संडास न बांधता, न बसणारं वेळापत्रक बसलं.

आता 'निम्मा वेळ अडलेला' याचा अर्थ असा की तुम्ही अवचित गेलात तर दोनदा जाण्यात एकदा कडी लागलेली सापडणार. याचं गणित शंभर वर्षांपूर्वीच झालंय, तेही संडासासाठी नव्हे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आग्नर एरलांग नावाचा गणिती होता. लोक कधीही फोन करतात, मग एक्स्चेंजमध्ये लाइन किती ठेवायच्या म्हणजे फार कुणाला ताटकळावं लागणार नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्न. १९०९ पासून त्यानं त्यावर लिहिलं. बँकेच्या खिडक्या आणि टोलनाक्याच्या मार्गिका आजही त्याच मार्गानं मोजतात. त्याचं सूत्र आपल्या सहा माणसांना लावलं तर उत्तर असं येतं : संडास एक असेल तर शंभरात पन्नास वेळा थांबावं लागेल. दोन केले तर शंभरात दहा वेळा. तीन केले तर शंभरात जेमतेम दीड वेळा.

हे आकडे नीट बघा. पहिल्यावरून दुसऱ्यावर गेलात तर चाळीस वेळांचं वाट पाहणं वाचतं. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेलात तर आठ-साडेआठ वेळांचं. चौथ्यानं वाचण्यासारखं काही उरतच नाही, पण फरशी, पाइप, दार, कडी, नळ आणि घासणं यांचा खर्च चौथ्यालाही पहिल्याइतकाच येतो. घरातली माणसं टेलिफोनच्या गिऱ्हाइकांसारखी आंधळेपणानं येत नाहीत हे खरं. आतला दिवा बघून परततात, 'झालं का?' म्हणून हाक मारतात. आजऱ्याच्या शेतकरी घरात तर रांग आपोआप फाकते. एक जण गोठ्यात धारा काढत असतो, दुसरा डेअरीला दूध घालायला गेलेला असतो, शाळेच्या एसटीची पोरं आधी आवरतात. त्यामुळं प्रत्यक्षात वाट बघणं या आकड्यांहून कमीच असतं.

तरी एक फरक गणितात धरलेला नाही. आंघोळ अर्धा तास पुढं ढकलता येते. दुसरी गोष्ट ढकलता येत नाही. कंबाइन्ड खोलीत ज्याला निकड आहे तो ज्याला निकड नाही त्याच्या मागं उभा राहतो, आणि आतला माणूस डोक्याला साबण लावून बसलेला असतो. म्हणून दोन कंबाइन्ड बांधण्यापेक्षा दोन संडास आणि त्यांपासून सुटी एक न्हाणी ही मांडणी मला शहाणपणाची वाटते. जपानी घरांत संडास, हात-तोंड धुण्याची जागा आणि न्हाणीघर अशा तीन खोल्या वेगळ्या ठेवायची पद्धत आहे. जागेची टंचाई तिथंही आहे, तरीही. आपल्याकडच्या भारतीय मानकातही, आयएस ११७२ मध्ये, स्वतंत्र सोयी असलेल्या घराला किमान एक न्हाणीघर, एक संडास आणि स्वयंपाकाजवळ एक मोरी किंवा सिंक अशी तीन जागांची मोजणी आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेत न्हाणीघर किमान १.८ चौरस मीटर, संडास १.१ आणि एकत्र असेल तर २.८ चौरस मीटर. म्हणजे १.८ अधिक १.१ बरोबर २.९. एकत्र करून वाचतं ते चौरस मीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकं, साधारण एका फरशीइतकं. एवढ्यासाठी लोक सकाळची कटकट विकत घेतात.

मग अटॅचची हौस आली कुठून? हॉटेलातून. अमेरिकेत बफेलो शहरात एल्सवर्थ स्टॅटलर यानं १९०८ च्या सुमारास हॉटेल काढलं आणि दीड डॉलरात खोली, तीही स्वतःच्या बाथरूमसह, अशी जाहिरात केली. तोवर साध्या दराच्या हॉटेलांत बाथरूम व्हरांड्याच्या टोकाला असे. स्टॅटलरनं दोन खोल्यांची बाथरूमं पाठीला पाठ लावून बांधली आणि मधल्या एकाच उभ्या पोकळीतून सगळे पाइप नेले, म्हणून त्याला ते परवडलं. (ही युक्ती मात्र जरूर उचलावी. आपल्याकडं तीन अटॅच घराच्या तीन कोपऱ्यांत काढतात आणि मग भिंतीभर पाइप फिरवत बसतात.) हॉटेलात शेजारच्या खोलीत परका माणूस झोपलेला असतो. त्याच्याबरोबर रांगेत कोण उभं राहणार? त्याच अमेरिकेत १९४० च्या जनगणनेत जवळपास निम्म्या घरांत गरम-गार पाण्याचा नळ, आंघोळीची सोय आणि फ्लशचा संडास ही तिन्ही एकत्र नव्हती. हॉटेलातली चैन घरात शिरायला तिथंही वेळ लागला.

आपल्याकडं संडास घरात येण्याआधी त्याला एक वेगळीच वाट पार करावी लागली. जुन्या पेठांच्या गावांत टोपलीचा संडास असे. खाली टोपली किंवा डबा, आणि मागच्या बोळातून उघडणारं एक छोटं दार. त्या दारातून रोज एक माणूस येऊन दुसऱ्याची घाण डोक्यावरून वाहून नेत असे. संडास घरापासून लांब, परड्याच्या टोकाला, याचं कारण वास हे होतंच. पण तो माणूस घरातून जाता कामा नये हेही होतं. आजऱ्याहून घाट उतरून गेलं की सिंधुदुर्गात कणकवली लागते. तिथं १९४८ साली अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रम सुरू केला. हेच अप्पासाहेब १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना भंगीकाम मागत होते, ते नाकारल्यावर त्यांनी अन्न कमी केलं आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपास केला. गोपुरीत त्यांनी मैल्याचं खत करणारा संडास घडवला, ज्यात मैला ताजा असताना कुणाला हात लावावा लागत नाही. मैला वाहून नेण्याचं काम कायद्यानं बंद व्हायला १९९३ साल उजाडलं. २०१३ च्या कायद्यानं बंदी आणखी कडक केली.

संडास घरात आणणारी खरी वस्तू फ्लश नव्हे. ती म्हणजे भांड्याखालचा पाइपचा बाक. त्या बाकात पाणी थांबून राहतं आणि खालचा वास वर येऊ देत नाही. लंडनच्या अलेक्झांडर कमिंग यानं १७७५ मध्ये अशा बाकाचं पेटंट घेतलं. ग्रामीण दोन खड्ड्यांच्या संडासाचं भांडं मुद्दाम जास्त उताराचं असतं आणि बाकात पाणी जेमतेम २० मिलिमीटर राहतं, म्हणून ते दीड-दोन लिटर पाण्यात धुऊन निघतं. शहरी फ्लशची टाकी एका खटक्याला सहा ते दहा लिटर ओतते. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसामागं दिवसाला ५५ लिटर पाणी धरलंय. शहरासाठी १३५ धरतात आणि त्यातले ४५ नुसत्या फ्लशला. म्हणजे खेड्यातल्या नळावर शहरी फ्लश बसवला तर ५५ पैकी ४५ लिटर तिकडंच जातील, उरलेल्या दहात स्वयंपाक, आंघोळ, धुणं आणि जनावरं. उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी येतं तेव्हा चार फ्लशच्या घरातही बादली-तांब्याच चालतो, हे इथं कुणाला सांगायला नको.

आजऱ्याच्या माणसाला रांगेचा दुसरा धडा मुंबईनं दिलाय. आजरा, गडहिंग्लज, चंदगड, भुदरगड या भागातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं गिरणीत गेली. लालबाग-परळला गावाची म्हणून एक खोली असे, पाळीपाळीनं झोपायचं, खानावळीत जेवायचं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. २०७ इमारती, खोली १६० चौरस फुटांची आणि संडास मजल्याच्या टोकाला सगळ्यांचे मिळून. पुनर्विकास सुरू आहे तिथल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय. आतच संडास, आतच न्हाणी. ज्या माणसानं तीस वर्षं डबा घेऊन रांगेत काढली, त्यानं गावी बंगला बांधताना 'प्रत्येकाला एक' म्हटलं तर त्याच्यावर हसण्यात अर्थ नाही. त्याला संडास नको असतात, रांग नको असते.

सार्वजनिक मोजमापं मात्र घराला लावू नयेत. स्वच्छ भारतच्या शहरी नियमांत वस्तीतल्या सामुदायिक संडासाला ३५ पुरुषांमागं एक आणि २५ बायकांमागं एक भांडं धरतात. कारखान्यातही ढोबळमानानं पंचविसामागं एक. कारखान्यात ते भागतं, कारण तिथं माणसं आठ तासांत विखरून जातात आणि बहुतेकांचं मुख्य काम घरीच उरकलेलं असतं. वस्तीत भागत नाही. नाइलाज म्हणून चालतं. आयएस ११७२ मध्येच, ज्या बिऱ्हाडांना स्वतंत्र सोय देता येत नाही त्यांच्यासाठी दोन बिऱ्हाडांमागं एक संडास आणि एक न्हाणी सांगितलीय. आणि दोन कुटुंबांत मिळून एक संडास असेल तर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ तो 'मूलभूत' सोयीत मोजतच नाहीत, खालच्या पायरीवर ठेवतात. भावकीत वाटणी झाली, सोपा तुझा, माजघर माझं, आणि परड्यातला संडास दोघांत, अशी घरं आपल्याकडं आहेत. तिथं पहिली कुरबुर सकाळच्या वेळेवरून होत नाही. खड्डा कुणी उपसायचा आणि पाणी कुणी ओतायचं यावरून होते. वाटणीच्या घरात मी बिनदिक्कत म्हणेन, चुलीबरोबर संडासही वेगळा करा.

एका घरात, एका चुलीवर, माझं उत्तर असं : चौघांपर्यंत एक संडास आणि एक सुटी न्हाणी, बेसिन बाहेर. पाच ते आठ माणसांना दोन संडास, त्यातल्या एकाला आंघोळीची सोय जोडलेली, आणि एक सुटी न्हाणी. आठांच्या पुढं तिसरा. आणि घर दुमजली असेल तर संख्या काहीही असो, एक तळमजल्यावर पाहिजेच.

हा तळमजल्याचा मुद्दा संख्येपेक्षा मोठा आहे. आपली घरं तिशी-चाळिशीतली माणसं बांधतात आणि सत्तरीतली वापरतात. आजीला रात्री दोनदा उठावं लागतं. बाहेर आषाढाचा पाऊस कोसळतोय, वीज गेलीय, जोत्याच्या तीन पायऱ्या शेवाळलेल्या, आणि संडास परड्याच्या टोकाला. असल्या घरात वर तीन अटॅच असून तिला काय उपयोग? म्हातारी संध्याकाळपासून पाणीच पीत नाही, म्हणजे उठावं लागायला नको. तिच्या खोलीला लागून एक संडास हवा, कमोडचा, भिंतीला धरायला दांडी, दार ९० सेंटिमीटरचं, म्हणजे पुढंमागं चाकाची खुर्चीही जाईल. दार बाहेर उघडणारं असावं. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं आणि मग ते फोडावं लागतं. आणि फरशी कोरडी राहावी म्हणून इथंही आंघोळीची जागा वेगळी, निदान दोन इंच खाली. ओल्या फरशीवर पाय घसरून मोडलेलं खुब्याचं हाड म्हातारपणात सहजी जुळत नाही.

घासण्याचंही बोलायला हवं. चार संडास कोण घासतं? नकाशावर सही करणारा घासत नाही. ज्या घरात धुण्या-भांड्याला बाई आहे तिथंही संडास घासायचं काम बहुधा घरच्या बाईकडंच येतं. आजऱ्याच्या पावसाळ्यात चार महिने भिंती ओल्या असतात. उजेड-वारा नसलेल्या बाथरूममध्ये आठवड्याभरात काळी बुरशी धरते. संहितेत निदान एक भिंत बाहेरच्या हवेला आणि ०.३७ चौरस मीटरची खिडकी सांगितलीय. जिन्याखालच्या संडासाला हे कुठून आणणार? एक खोली जास्त बांधताना तिचं साप्ताहिक काम कुणाच्या नावावर चढतंय ते तिला आधी विचारावं. बहुतेक वेळा आकडा तिथंच दोनवर येतो.

आता गणपती. आजऱ्यातलं अर्धं गणित इथं चुकतं. वर्षभर घरात चार माणसं, पण गौरी-गणपतीला मुंबई-पुण्याची सगळी उतरतात आणि पाच दिवस त्याच घरात वीस माणसं झोपतात. 'तेव्हा काय करणार?' हे चौथ्या संडासाच्या बाजूनं नेहमीचं बोलणं. वाजवी आहे. पण त्या पाच दिवसांत तुंबतं ते भांडं नव्हे, जमिनीखालची टाकी.

सेप्टिक टाकी माणसं मोजते, संडास मोजत नाही. वर एक असो की चार, खाली येणारा मैला तितकाच. आयएस २४७० प्रमाणं पाच माणसांची टाकी दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, एक मीटर पाणी. दहा माणसांची दोन मीटर लांब, नव्वद सेंटिमीटर रुंद. टाकीचं काम पाणी थांबवणं हे आहे. साधारण दिवस-दोन दिवस पाणी संथ राहिलं की जड गाळ तळाला बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं निवळ पाणी शोषखड्ड्यात जातं. पाचांच्या टाकीवर वीस माणसं आली की पाणी चौपट वेगानं पुढं सरकतं, गाळाला बसायला उसंत मिळत नाही, तो शोषखड्ड्यात वाहून जातो आणि तिथल्या मातीची छिद्रं बुजवतो. एकदा बुजली की गणपती गेले तरी ती उघडत नाहीत. त्यात भर म्हणजे भाद्रपद. दोन महिने पाऊस पिऊन जमीन तुडुंब भरलेली, पाण्याची पातळी वर, शोषखड्डा आधीच काठोकाठ. वर्षातली सगळ्यांत जास्त माणसं आणि वर्षातली सगळ्यांत ओली जमीन यांची गाठ नेमकी एकाच आठवड्यात पडते. विसर्जनाच्या दिवशी भांड्यात पाणी गुडगुडत मागं येतं ते यामुळं, आणि मग प्लंबरला शिव्या बसतात.

म्हणून पाहुण्यांसाठी पैसा खर्च करायचाच तर भांड्यावर नको, टाकीवर करा. टाकी दहा माणसांची घाला. दुसरं, आंघोळीचं आणि धुण्याचं पाणी टाकीत सोडूच नका. ते पाणी मैल्याच्या पाण्याच्या कितीतरी पट असतं आणि टाकीची घडी तेच मोडतं. आपल्या आज्यांनी न्हाणीचं पाणी केळीला आणि अळूला सोडलं होतं. ती सोय न्हाणी वेगळी असताना सरळ होते. कंबाइन्डमध्ये मात्र गवंडी दोन्ही पाइप एकत्र करून मोकळा होतो. शोषखड्डा विहिरीपासून किमान अठरा मीटर लांब, आणि विहिरीच्या उताराच्या बाजूला. आजऱ्याच्या पट्ट्यात जांभा असेल तिथं पाणी दगडातल्या पोकळ्यांतून लांबवर पळतं, तिथं अठरावर थांबू नये. आणि परड्यातला जुना संडास नव्या घराच्या जोशात पाडू नका. त्याला एक बल्ब आणि नवं दार लावा. पाहुण्यांच्या पाच दिवसांत तो स्वतःच्या खड्ड्यावर स्वतंत्र चालतो आणि मोठ्या टाकीचा भार उचलतो.

मुंबईकरांच्या बंद घरांचं दुखणं उलट आहे. तीन अटॅच, माणूस नाही. दोन-चार महिने कुणी फिरकलं नाही की बाकातलं पाणी वाळून जातं, भांड्यातलंही आणि न्हाणीच्या जाळीखालचंही, आणि टाकीतला वास, पाठोपाठ झुरळं, सरळ बेडरूममध्ये. दार उघडल्यावर लोकांना वाटतं घुशीनं काही मारून टाकलंय. किल्ली ज्या शेजाऱ्याकडं असते त्याला महिन्यातून एकदा प्रत्येक भांड्यात आणि जाळीत तांब्याभर पाणी ओतायला सांगावं. जास्त दिवस बंद राहणार असेल तर पाण्यावर चमचाभर गोडेतेल. तेलाचा पापुद्रा पाण्याला उडू देत नाही. चार बाथरूम म्हणजे असे आठ बाक. शेजारी एकाला नाही म्हणणार नाही, आठांना म्हणेल.

टाकी दोन-तीन वर्षांतून एकदा उपसायची, ती उन्हाळ्यात, चैत्र-वैशाखात, म्हणजे पावसाच्या आत ती रिकामी असते. माणूस आत उतरवायचा नाही. तो गुन्हाही आहे आणि आतल्या वायूनं जीव जायला काही मिनिटं पुरतात. उपसणाऱ्या गाडीचा पाइप पोचेल अशी जागा ठेवा. झाकणावर फरशी बसवून वर तुळशीवृंदावन बांधलेली अंगणं मी पाहिलीत. तिथं टाकी उपसायची वेळ आली की आधी भटजींना विचारावं लागतं.